ज्वारी काढण्यास मनाई

“चाचा! अहो चाचा!”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोरा आडवा, हातात बारीक कानस, आणि ओठ हलत होते. त्यांनी तार छेडली. टुंग. कानस दोनदा फिरवली, पुन्हा छेडली. टुंग. शेवटी मी चपला काढून आत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते केवढे दचकले.

“सिस्टर! तुम्ही कवा आलासा?”

“मघापासून हाका मारतेय. भर दुपार झाली, चाचा. माझ्या झोपेचं काय करायचं?”

“झालंच की! जवारी काढायलोय न्हवं, जरा नाजूक काम हाय. दोन दिसांत हातावेगळं करतो बगा.”

हे ‘दोन दिवस’ गेला महिनाभर चालले होते.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या त्या गावात, मोठ्या इस्पितळात नर्स होते. कायम रात्रपाळी. लग्न केलेलं नव्हतं, आई देवाघरी गेलेली, त्यामुळे सणावाराच्या रात्रीही हक्कानं माझ्याच वाट्याला यायच्या. सगळं गाव कामाला लागायचं तेव्हा मी घरी येऊन पडदे ओढायची. घर माझ्या मालकीचं होतं, दोनच खोल्यांचं, पण माझं. फक्त ते होतं वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत. माझ्या निजायच्या खोलीची आणि दस्तगीर बारगीरांच्या कारखान्याची भिंत एकच होती. कारखाना म्हणजे तरी काय, एक खोली, आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, आणि भिंतीला पाठ लावून बसलेले चाचा.

आधी त्यांचा मला काही त्रास नव्हता. लाकूड तासल्याचे, पॉलिश घासल्याचे आवाज यायचे, आणि त्या आवाजांत मी ढाराढूर झोपायची. जवारीचं काम मधूनच निघायचं आणि एका दुपारीत संपायचं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारा जिच्यावरून जातात ती लाकडाची नाहीतर शिंगाची पट्टी म्हणजे घोडी. ती कानसीनं अशी घासायची की तार तिला टेकल्यासारखीही वाटावी आणि न टेकल्यासारखीही. मग आवाज नुसता वाजत नाही, भुंगा गुणगुणल्यासारखा पसरत जातो. त्या गुणगुणण्याला म्हणायचं जवारी. ती साधली नाही, तर तार टुंग करते आणि मरते.

त्या महिन्यात सगळ्या तारा मरतच होत्या. मी डोळा लावायची की टुंग. जरा खोल उतरायची की टुंग. झोप लागत नव्हती आणि जागही धड येत नव्हती. मधल्या कुठल्यातरी पाण्यात मी तरंगत असायची. वॉर्डातल्या खाटा मच्छरदाण्यांसकट नदीत सोडलेल्या दिसायच्या, मी एकीकडून दुसरीकडे पोहत जायची, आणि प्रत्येक टुंगबरोबर कुणीतरी मला वेणीला धरून वर ओढायचं.

एका पहाटे मी सुई भरून एका आजोबांच्या खाटेशी गेले. आजोबा म्हणाले, “सिस्टर, माझी सुई कालच बंद केलीय ना डॉक्टरांनी?” ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची होती. आजोबा गप्प बसले असते तर मी ती टोचलीच असती. मेट्रननं सकाळी बोलावून सांगितलं, “एस्तेर, पुन्हा असं झालं तर मी तुला वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही.”

तिथून मी घरी गेले नाही. सरळ मगदूम वकिलांकडे गेले.

“याला कायद्यात उपद्रव म्हणतात,” मगदूम वकील खुशीत येऊन म्हणाले.

“उपद्रव उंदरांचा होतो, वकीलसाहेब. चाचांचा आपला त्रास आहे.”

“बाई, नुसत्या त्रासाला कोर्ट दारात उभं करत नाही. उपद्रवच लिहायचा.”

“पण मी राहायला आले तेव्हा ते आधीपासून तिथंच होते.”

“असू देत ना! उपद्रवाच्या शेजारी येऊन राहिलात म्हणून तो जन्मभर सोसा, असं कायदा म्हणत नाही. आपली अडचण वेगळी आहे. साहेब विचारतील, चारचौघं दिवसा झोपतात का? आणि वाद्यांच्या गल्लीत तार नाही वाजायची तर काय वाजायचं? तिथं तुमची रुग्णसेवा लावून धरू. दुपारच्या वेळी घरात जवारी काढायला मनाई मागू.”

त्यांनी आतल्या भूपालला मजकूर सांगायला सुरुवात केली. भूपाल टायपिस्ट म्हणून नवा होता, शेतकऱ्याच्या घरातला, आणि आपली भाषा शुद्ध असल्याचा त्याला भारी अभिमान. त्याच्या मशीनच्या खडखडाटात मी खुर्चीतच पेंगले. सही कुठं केली तेही नीट आठवत नाही.

दावा दाखल झाला, तारीख पडली. समन्स मिळालं त्या संध्याकाळी चाचा दारात आले. भांडायला आले असतील म्हणून मी कंबर कसून उभी राहिले, तर त्यांच्या हातात वाटीभर शिरखुर्मा.

“नातू झाला पुण्याला,” ते म्हणाले. “त्यो कागुद मिळाला बगा. तुमचं बी खरंच हाय, सिस्टर. पर ह्यो तंबोरा पुण्याच्या गानाऱ्या बाईंचा हाय. त्यास्नी दिला की मग काय बी मनाई करा.”

दाराशी भांडण आलं असतं तर बरं झालं असतं. शिरखुर्मा गोड होता, आणि मी वाटी तशीच झाकून ठेवली.

मग तो मंगळवार आला. मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडले होते. टुंग, टुंग चाललं होतं. खाटा नदीत होत्या. आणि अचानक तार वाजली ती मेलीच नाही. तिच्यातून दुसरा आवाज निघाला, त्यातून तिसरा, आणि सगळे मिळून पाण्यावर पसरले. पाणी कोमट झालं. मच्छरदाण्या वाऱ्यानं फुगल्या, खाटा आपापल्या चालू लागल्या, आणि त्यांतल्या एकीवर आई पाय सोडून बसलेली होती. तिनं मला काही विचारलं नाही, नुसती सरकून जागा केली. मी जाऊन आडवी झाले. इतकी गाढ झोप मला लहानपणानंतर लागली नव्हती.

जाग आली ती कानसीच्या आवाजानं. खर्र, खर्र. मग तार वाजली. टुंग.

मी ताडकन उठून बसले. असा राग आला की विचारू नका. हातची झोप गेली याचा तर होताच, पण त्याहून जास्त राग वेगळाच होता. एवढं सुंदर जमलेलं कुणी हातानं मोडतं का?

तोंडावर पाणी मारायला मी परसात गेले. आमच्या दोन परसांच्या मधली भिंत कंबरेएवढी होती. चाचा तंबोरा घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसले होते, माझ्याकडे पाठ करून, थोडे तिरके. त्यांनी तार छेडली आणि तंबोऱ्याच्या दांडीला दात लावले. डोळे मिटून, मान खाली घालून ते तसेच बसून राहिले. माझ्या हातातली बादली निसटली आणि फरशीवर आदळली. कौलांवरची कबुतरं भर्रकन उडाली, पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. चाचांची मान हललीसुद्धा नाही.

मी नर्स आहे. कान जायला लागलेली माणसं मी रोज बघते. जवळचे जाडजूड आवाज त्यांना येतात, लांबचे आणि बारीक आवाज आधी जातात. मांडीवरच्या तारेचा टुंग तेवढा चाचांना येत होता. पुढचं गुणगुणणं, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून ते घासत होते, मग आणखी घासत होते, आणि लागलेली जवारी घालवून बसत होते. दाताला तरी ती लागते का, ते बघत होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला.

तारखेच्या दिवशी मी ड्यूटीवरून तशीच कोर्टात गेले. चाचा इस्त्रीचा पायजमा-सदरा आणि काळी टोपी घालून व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसले होते. वकील त्यांनी केलाच नव्हता. मगदूम वकील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बाई, एक गंमत सांगतो. मघाशी मी म्हाताऱ्याला मागून हाका मारल्या. ढिम्म हलला नाही. ठार बहिरा दिसतो!”

“मग?”

“मग काय? दावा आपल्या खिशात! ज्याला ऐकूच येत नाही तो कसली वाद्यं लावतो? हा धंदा नाहीच, नुसती खटखट आहे. भर कोर्टात विचारतो त्याला, मागून विचारतो. बघा तुम्ही.”

दारातच दोन वाद्यवाले दुसऱ्या कामासाठी आलेले उभे होते. हे कोर्टात बोललं गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीत आणि आठवड्याभरात पुण्यात पोचलं असतं. बहिऱ्या माणसाकडे कोण तंबोरा टाकतो? मी मगदूमांना म्हणाले, “असलं काही विचारू नका.” ते हसले आणि म्हणाले, “कोर्टात भीड ठेवायची नसते, बाई.” तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश नवे होते, विदर्भातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी दावा वाचायला घेतला, मध्येच थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“प्रतिवादी रोज दुपारी राहत्या घरात ज्वारी काढतात आणि त्या आवाजामुळे वादीची झोपमोड होते,” ते म्हणाले. “ज्वारी? घरात?”

मगदूम वकील पुढच्या डावाची तयारी करण्यात गर्क होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. वकिलांनी सांगितलेलं ‘जवारी’ भूपालला गावठी वाटलं असणार. त्यानं सगळ्या दाव्यात ते शुद्ध करून ठेवलं होतं.

न्यायाधीशांनी चाचांकडे पाहिलं. “काय हो, शेती किती तुमची?”

चाचा त्यांच्या ओठांकडे बघत होते. “हयात गेली साहेब ह्यातच,” ते अदबीनं म्हणाले.

“बरं, मग ज्वारी काढता कशावर? यंत्र आहे का घरात?”

‘काढता’ एवढं चाचांना समजलं. त्यांचा चेहरा उजळला.

“घोडीवर, साहेब.”

“घोडीवर?”

“व्हय. शिंगाची घोडी असली तर लई ब्येस निगती.”

“शिंगाची घोडी!” न्यायाधीश म्हणाले, आणि मग कुणालाच आवरलं नाही. शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला, बाकावरचे पक्षकार एकमेकांच्या अंगावर पडले. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. चाचा आपले सगळ्यांकडे बघून हसत होते. काय झालं ते त्यांना कळलेलं नव्हतं.

मगदूम वकील घाईनं उभे राहिले. “साहेब, टायपिंगची चूक आहे. ज्वारी नाही, जवारी, वाद्याची. दुरुस्तीचा अर्ज देतो. आणि प्रतिवादींच्या ऐकण्याच्या संदर्भात मला एक महत्त्वाचा मुद्दा…”

“साहेब, मला बोलायचंय,” मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. रात्रभर जागलेल्या माणसाला सगळंच लांबून येतं.

“बोला.”

“दुरुस्ती नको. लिहिलंय तेच माझं म्हणणं आहे. त्यांनी घरात ज्वारी काढू नये. ते कबूल करत असतील, तर माझी तक्रार मिटली.”

“बाई!” मगदूम जवळजवळ ओरडले.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. मग म्हणाले, “तडजोड करताय? राजीखुशीनं?”

“हो.”

“मग विचारा त्यांना.”

मी चाचांच्या समोर जाऊन उभी राहिले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी, आणि सावकाश म्हणाले, “चाचा, यापुढं घरात ज्वारी काढायची नाही. ज्वारी. जोंधळा. कबूल?”

“जोंधळा?” चाचा चक्रावले. “आवो सिस्टर, आमच्या सात पिढ्यांत कुनी शेत केलं न्हाई! कबूल, कबूल!”

तसं लिहून झालं, दोघांच्या सह्या झाल्या. मगदूम वकील पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, “जिंकलेला दावा पाण्यात घातलात.” नंतर कित्येक वर्षं ते रस्त्यात दिसले की मान फिरवायचे.

मी आणि चाचा बरोबरच गल्लीत आलो. कारखान्याचं कुलूप त्यांनी काढलं, मी त्यांच्या पाठोपाठ आत गेले आणि समोर बसले.

“चाचा, मंगळवारी जवारी लागली होती.”

त्यांनी टोपी काढली. “काय म्हनलासा?”

“मंगळवारी दुपारी लागली होती. छान लागली होती. मला झोप लागली. मग तुम्ही परत कानस लावलीत आणि गेली.”

ते किती वेळ तरी अंगठ्यानं घोडी चाचपत राहिले. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

“हाताला कळलं हुतं,” अखेर ते म्हणाले. “कानानं साक्ष दिली न्हाई. दोन वर्सं झाली, सिस्टर. पोराला बी सांगितलं न्हाई. तुमी कुनाला…?”

“कुणाला नाही.”

त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. मग त्यांनी सदऱ्यानं नाक पुसलं आणि एकदम कारागिराच्या तोऱ्यात विचारलं, “पर तुमास्नी गान्यातलं काय कळतंय?”

“काही नाही. पण महिनाभर भिंतीला कान लावून दुसरं काय केलंय मी?”

तेव्हा ते हसले. मग आमचं ठरलं. चाचा नवी घोडी बसवणार, भिंतीला पाठ टेकून काम करणार. जवारी लागली की मी माझ्या बाजूनं भिंतीवर ठोकायचं. ठोकलेलं त्यांच्या पाठीला कळणार होतं.

त्या दुपारी मी पडदे ओढले आणि डावी मूठ भिंतीला टेकवून पडले. आज झोपायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. पुण्याच्या बाई दोनेक दिवसांत यायच्या होत्या, ही घोडी वाया गेली तर तिसरी बसवायला वेळच नव्हता. टुंग. अजून नाही. खर्र, खर्र. टुंग. अजून नाही. नदी आली, खाटा आल्या, मी डोळे ताणून उघडे ठेवले. टुंगच्या शेपटाला किंचित काहीतरी चिकटलं. पुढच्या वेळी ते जरा लांबलं. आता, आता ठोकायचं, असं मला स्पष्ट वाटलं. मूठ उचलली असं वाटलं. आई खाटेवर सरकून बसली, पाणी कोमट होतं.

जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून तांबडं ऊन आत आलं होतं आणि दर्ग्यातली अजान चालू होती. माझी मूठ उघडी पडून अंथरुणावर आली होती. भिंतीपलीकडे अगदी सामसूम. सगळं घासून संपवलं असणार! मी तशीच अनवाणी धावले.

चाचा काळोखी पडत चाललेल्या खोलीत निवांत बसून चहा पीत होते. तंबोऱ्यावर गवसणी चढवलेली होती, कानस फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

“चाचा, मला झोप लागली!” मी रडकुंडीला आले. “मी ठोकलंच नाही!”

“मी ठोकलं की,” ते म्हणाले. “दोनदा ठोकलं. पाठ लावून वाट बगितली. तुमच्याकडनं काय बी न्हाई. मग ठिवली कानस खाली.”

“पण लागली की नाही, ते तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी कपबशी बाजूला ठेवली आणि लहान मुलाला सांगावं तसं मला विचारलं, “मंगळवारी तुमास्नी झोप लागली हुती न्हवं?”

“हो.”

“मग?”

मी गवसणी बाजूला करून तार छेडली. खोलीभर ते पसरलं, आणि आढ्याचे भोपळेसुद्धा हळूच बोलल्यासारखे झाले. चाचांनी भोपळ्यावर नुसता हात ठेवला होता.

पुढं चाचांचे हात चालत होते तोवर आमचं हे असंच चाललं. जवारीचं काम असलं की मी भिंतीवर ठोकत राहायची, नाही, अजून नाही. ठोकणं थांबलं की चाचा कानस खाली ठेवायचे. रात्री वॉर्डात माझ्या हातून पुन्हा कधी सुई चुकली नाही.

पुण्याच्या बाई तंबोरा न्यायला आल्या तेव्हा मी झोपलेलीच होते. चाचांनी नंतर सांगितलं, बाईंनी तार छेडली आणि डोळे मिटले ते उघडीचनात. मग म्हणाल्या, “दस्तगीरभाई, अशी जवारी तुम्ही उमेदीतसुद्धा काढली नव्हती. काय केलंत काय?”

“मी कुठली काढतोय, बाई,” चाचा म्हणाले. “मला कोर्टाची मनाई हाय. शेजारीन निजली की आपसूक निगती.”